भाऊबंदकीवर खापर फोडण्याआधी

प्राचीन राजघराण्यांतील गृहकलहाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोनच वाटांनी जाते. पहिली वाट हळहळीची असते: भाऊबंदकीने घात केला, नाहीतर काय झाले असते! आणि त्या 'नाहीतर'च्या पुढे प्रत्येकजण आपल्या आवडीचे साम्राज्य उभे करतो. दुसरी वाट पंचायतीची: चुलता लबाड होता की पुतण्या उतावीळ, याचा निवाडा करायचा आणि घरी जायचे. मध्यंतरी बदामीच्या चालुक्यांवरील एका चर्चेला मी श्रोता म्हणून बसलो होतो. दुसरा पुलकेशी आणि त्याचा चुलता मंगलेश यांच्या संघर्षाचा उल्लेख झाला मात्र, सभागृहात दोन तट पडले आणि दहा मिनिटांच्या आत सातव्या शतकातील बदामी मागे राहून आजच्या राजकारणातले काका-पुतणे बोलू लागले. हशा पिकला, वेळ संपली, आणि मूळ प्रश्न होता तिथेच राहिला. तो प्रश्न असा की, ज्या घराण्यांत भाऊ भावावर आणि पुतण्या चुलत्यावर उठला, त्यांपैकी काही घराणी त्यानंतर वैभवाच्या शिखरावर का गेली, आणि ज्या घराण्यात चार पिढ्या बापामागून मुलगा निमूटपणे गादीवर बसला ते एका मांडलिकाच्या धक्क्याने का कोसळले?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. 'भाऊबंदकीने राज्य बुडते' हे विधान कारणमीमांसा म्हणून टिकत नाही. गादीचा वारस ठरवण्याचा पक्का आणि सर्वमान्य नियम ज्या व्यवस्थेत नव्हता, तिथे वारसासाठीची झुंज ही त्या व्यवस्थेची रोजची चाल होती; तिला रोग म्हणता येत नाही. राज्याचे भवितव्य ठरत असे ते झुंजीनंतर, किंवा झुंज होऊ नये म्हणून आधीच, घरातल्या दुसऱ्या माणसाला कोठे उभे केले जाते यावर. ज्याला राज्य मिळाले नाही त्याला पाय रोवायला जागा होती का, हे पाहायला हवे. त्याचा स्वभाव कसा होता हा प्रश्न फार नंतरचा आहे, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर देण्याइतकी साधने आपल्या हातात नसतातच.

मंगलेशापासूनच सुरुवात करू. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात गेलेल्या माणसाला शेषावर बसलेला विष्णू, वराह, नरसिंह आणि त्रिविक्रम यांच्या तांबड्या वालुकाश्मातील भव्य मूर्ती आठवत असतील. तेथील भिंतीवरचा लेख मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शके 500 मधील, म्हणजे इ.स. 578 मधील कार्तिकी पौर्णिमेचा तो लेख आहे. वडील भाऊ कीर्तिवर्मा राज्य करीत असताना मंगलेशाने हे विष्णुगृह कोरवून घेतले आणि त्याचे पुण्य त्या वडील भावाला अर्पण केले, असे तो सांगतो. त्याच परिसरात मंगलेशाचा एक छोटा कन्नड लेख आहे; त्यात या लेण्याला 'कल्मने', म्हणजे दगडी घर, असा साधा शब्द आहे. पुढे पुतण्याचे राज्य बळकावणारा म्हणून ज्याचे नाव झाले, त्या माणसाचे पहिले विश्वसनीय दर्शन आपल्याला होते ते भावाच्या नावाने दगडी घर बांधणारा धाकटा भाऊ म्हणून. भावाच्या पश्चात, सहाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, तो गादीवर बसला. कीर्तिवर्म्याचा मुलगा पुलकेशी तेव्हा लहान असावा, असे अभ्यासक मानतात. उत्तरेला कलचुरींचा बुद्धराज होता, कोकणात रेवतीद्वीप जिंकायचे होते. मूल गादीवर बसवून हे सगळे कोणी सांभाळायचे होते? मंगलेशाने ते सांभाळले. बुद्धराजाला त्याने पळवून लावले, रेवतीद्वीप घेतले, आणि इ.स. 602 च्या सुमारास महाकूटचा स्तंभलेख कोरवला. त्या लेखात वडिलांची राणी दुर्लभादेवी हिचे नाव आणि तिच्या संमतीने दिलेल्या दानाचा उल्लेख येतो. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीची मान्यता दगडावर नोंदवण्याची गरज त्याला वाटली, यावरून आपली बाजू घरात किती पक्की आहे याची चिंता त्याला असावी असे मला वाटते.

पुढची हकीकत आपल्याला कळते ती ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरील प्रशस्तीतून. शके 556 मध्ये जैन कवी रविकीर्ती याने ती रचली, आणि शेवटी आपण कालिदास व भारवी यांच्या तोडीची कीर्ती मिळवली असेही सांगून टाकले. हा रविकीर्ती सांगतो की, लक्ष्मीलाच पुलकेशी हवासा वाटत होता, चुलता मत्सर करतो हे ओळखून पुलकेशी दूर निघून गेला, आणि मग मंत्र व उत्साह या शक्तींच्या बळावर त्याने मंगलेशाचे सामर्थ्य सर्व बाजूंनी क्षीण केले. स्वतःच्या मुलाला राज्य मिळवून देण्याचा प्रयत्न, आपले मोठे राज्य आणि आपला जीव, या तिन्हींना मंगलेश एकदमच मुकला. कविता उत्तम आहे यात शंका नाही. पण ती जिंकलेल्याच्या पदरी असलेल्या कवीने, घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, धन्याच्या हयातीत लिहिलेली आहे. या एका श्लोकावरून मंगलेशाच्या अंतःकरणाचा पंचनामा करणे म्हणजे एकाच पक्षकाराचे म्हणणे ऐकून निकाल देणे होय.

दरबारी लेखनाचा हा स्वभाव समजून घेतला नाही तर आपण फसतो, आणि त्याची याहून गमतीदार उदाहरणे चालुक्यांनंतर आलेल्या राष्ट्रकूट घराण्याच्या ताम्रपटांत सापडतात. शके 793 मधील संजाण ताम्रपटात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याचा कवी गुप्त घराण्यातील एका राजाला टोमणा मारतो: भावाला मारून त्याने राज्य घेतले, राणीही घेतली, आणि वर लाखाचे दान कोटी म्हणून लिहवले. टोमणा झोंबणारा आहे. फक्त अमोघवर्षाचा आजोबा ध्रुव यानेही आपला थोरला भाऊ दुसरा गोविंद याला बाजूला सारूनच गादी घेतली होती, याचा त्या कवीला सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. चौथ्या गोविंदाच्या खंबायत आणि सांगली ताम्रपटांत तर असे म्हटले आहे की, सामर्थ्य असूनही त्याने वडील भावाशी क्रूरपणा केला नाही आणि भावाच्या स्त्रीशी दुर्वर्तन करून अपकीर्ती ओढवून घेतली नाही. भूमिदानाच्या कागदात, म्हणजे ताम्रपटात, अशी ग्वाही देण्याची वेळ कोणावर येते? बाहेर लोक काय बोलत होते हे या नकारानेच आपल्यापर्यंत पोचवले. आणि दुसऱ्या गोविंदाविषयी देवळी व कऱ्हाड येथील नंतरचे ताम्रपट सांगतात की तो भोगविलासात गुंतला आणि कारभार त्याने धाकट्या भावावर सोपवला. हाच गोविंद युवराज असताना इ.स. 770 मध्ये सैन्य घेऊन कृष्णा आणि मुसी यांच्या संगमावर तळ देऊन बसला होता व आंध्रातील वेंगीच्या राजाने त्याच्यापुढे नमते घेतले होते, असे कोल्हापूरकडील कुरुंदवाड भागातला आळास ताम्रपट सांगतो. मोहिमेवरचा युवराज गादीवर येताच विलासी झाला, हे अशक्य नाही. पण हरलेल्या भावाला विलासी ठरवणे जिंकलेल्याच्या वंशजांना किती सोयीचे होते, हेही ध्यानात घ्यायला नको का?

आता समोरच्या बाजूचे जे म्हणणे खरोखर वजनदार आहे ते मान्य करतो. घरातली लढाई परक्याला आमंत्रण देते, हे खरे आहे, आणि त्याचा पुरावा रविकीर्तीच देतो. मंगलेशाचे छत्र मोडले तेव्हा सारे जग शत्रुरूपी अंधाराने वेढले गेले, असे तो म्हणतो. आप्पायिक आणि गोविंद नावाचे दोघे हत्तींची सेना घेऊन भीमरथी नदीच्या, म्हणजे आपल्या भीमेच्या, बाजूने चालून आले. दुसरा पुरावा अधिक भयंकर आहे. इ.स. 642 मध्ये कांचीचा पल्लव राजा नरसिंहवर्मा याने खुद्द वातापी, म्हणजे बदामी, घेतली आणि त्याचा लेख बदामीच्या खडकावर आजही आहे. त्यानंतर पुलकेशीचा मुलगा विक्रमादित्य याने इ.स. 655 च्या सुमारास घराण्याची घडी पुन्हा बसवेपर्यंत बारा-तेरा वर्षे गेली, आणि त्या काळात पुलकेशीच्या मुलांत एकवाक्यता नव्हती असे दिसते. तिसरी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: भाऊ भावाशी लढतो तेव्हा जळते ते तिसऱ्याचेच पीक. ताम्रपटांत राजांची बिरुदे असतात, सैन्य ज्या शिवारातून गेले त्या शिवाराचे नाव नसते. भाऊबंदकी निरुपद्रवी होती असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

पण या दाखल्यांतून 'भाऊबंदकीने राज्य बुडाले' हा निष्कर्ष निघतो का? पहिल्या दाखल्याचे पुढचे पाऊल पाहा. आप्पायिक आणि गोविंद यांच्यापैकी एकाला पुलकेशीने रणात भीतीची चव दाखवली आणि दुसऱ्याला त्याच्या उपकाराचे फळ लगेच दिले, असे प्रशस्ती सांगते. म्हणजे एकाला फोडले. गृहयुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या या राजाने पुढे नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळवले आणि उत्तरेच्या हर्षाचा हर्ष घालवला. यादवी झालेले राज्य त्याच पिढीत नर्मदेपर्यंत पोचले. दुसऱ्या दाखल्यात क्रम उलटा आहे. वातापी पडली ती पुलकेशी जिवंत असतानाच्या पल्लवांशी चाललेल्या दीर्घ वैरातून. भावांमधील बेबनाव आला तो राजधानी गेल्यावर. छप्पर उडाल्यावर घरात भांडण झाले, आणि आपण म्हणतो की भांडणाने छप्पर उडाले.

माझा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे सिद्ध होतो तो त्यानंतरच्या शतकात. पहिल्या विक्रमादित्यानंतर विनयादित्य, त्याच्यानंतर विजयादित्य, मग दुसरा विक्रमादित्य आणि मग दुसरा कीर्तिवर्मा, असे ओळीने बापामागून मुलगा गादीवर आले. विजयादित्याने इ.स. 696 पासून 733 पर्यंत तब्बल सदतीस वर्षे राज्य केले. घरात कोणी कोणावर उठल्याचा गाजावाजा नाही, चुलत्या-पुतण्यांची झटापट नाही. भाऊबंदकी हेच विष असेल तर हे घराणे अमर व्हायला हवे होते. प्रत्यक्षात इ.स. 753 च्या आसपास दंतिदुर्ग नावाच्या राष्ट्रकूट मांडलिकाने ते संपवले. कोल्हापूर भागातील सामानगडच्या शके 675 मधील ताम्रपटात दंतिदुर्गाचा कवी अभिमानाने सांगतो की, कांची, केरळ, चोळ, पांड्य आणि श्रीहर्ष यांना नमवणारे कर्नाटकाचे सैन्य त्याने मोजक्या सेवकांच्या बळावर जिंकले. इतके शिस्तीने चाललेले घर मोजक्या माणसांनी पाडले! ते पोखरले गेले होते ते मांडलिकांच्या वाढत्या बळाने आणि पल्लवांशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या युद्धांच्या खर्चाने, असे मला वाटते. त्याचा दोष भावांच्या माथी मारता येत नाही, कारण भांडणारे भाऊच तिथे नव्हते.

आणि त्या गादीवर जे आले त्यांचे पाहा. दंतिदुर्गानंतर त्याचा चुलता पहिला कृष्ण आला, ज्याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे झाले. कृष्णानंतर दोन मुलांत झुंज झाली आणि धाकटा ध्रुव जिंकला. ध्रुवाने स्वतः थोरल्या मुलाला, स्तंभाला, डावलून धाकट्या तिसऱ्या गोविंदाला निवडले. स्तंभ बारा राजांची फळी उभारून उठला. तीन पिढ्यांत तीनदा वारसाची सरळ रेषा मोडली, आणि राष्ट्रकूटांचे सामर्थ्य याच तीन पिढ्यांत शिखराला गेले. भाऊबंदकीने राज्य वाढते असा उफराटा सिद्धांत मला मांडायचा नाही. त्यालाही दहा अपवाद दाखवता येतील. मला एवढेच म्हणायचे आहे की, कलह असणे किंवा नसणे यावरून उत्कर्ष आणि ऱ्हास यांचा हिशेब लागत नाही, तेव्हा हिशेबाची बाब दुसरीच असली पाहिजे.

ती बाब कोणती, हे स्तंभाच्या पुढच्या आयुष्यात दिसते. बंड मोडल्यावर तिसऱ्या गोविंदाने थोरल्या भावाला मारले नाही, कोंडूनही ठेवले नाही. दक्षिण कर्नाटकातील गंगवाडीचा कारभार त्याने पुन्हा त्याच्याच हाती दिला. पुढे स्तंभाने दिलेल्या दानपटांत धाकट्या भावाचे सार्वभौमत्व मान्य केलेले दिसते. गोविंदाने त्याच सुमारास बापाच्या कैदेतला गंग राजपुत्र शिवमार यालाही सोडले होते, आणि तो मात्र उलटला, म्हणून त्याला पुन्हा बंदिवासात टाकावे लागले. सोडलेला परका उलटला, सोडलेला भाऊ टिकला. भावाला मानाने बसायला गंगवाडी होती. राज्य मिळाले नसले तरी त्याच्या मुलाबाळांना राजपुत्र म्हणून जगता येईल एवढे त्याच्याजवळ उरले होते.

आता याच मोजपट्टीने मंगलेशाकडे पुन्हा पाहू, आणि त्याच्या शेजारी लाटेच्या कर्काला उभे करू. इ.स. 814 च्या सुमारास तिसरा गोविंद गेला तेव्हा अमोघवर्ष पोरसवदा होता. त्याचा पालक म्हणून पुढे आला तो गोविंदाच्या भावाचा मुलगा, गुजरातेतील लाटशाखेचा कर्क. मांडलिकांनी बंड केले, मुलाची गादी गेली असे वाटू लागले, आणि कर्काने ती परत मिळवून त्याला पुन्हा बसवले. नंतर हाच अमोघवर्ष साठाहून अधिक वर्षे राज्य करून गेला. लहान वारस, समर्थ नातलग, आणि नातलगाच्या हाती सैन्य: मंगलेशाची आणि कर्काची परिस्थिती इथपर्यंत सारखीच आहे. मग एकाने राज्य ठेवून घेतले आणि दुसऱ्याने परत केले, ते का? कर्क साधू आणि मंगलेश अधम, हे उत्तर आपल्याला लगेच सुचते, आणि तेच मला आळशीपणाचे वाटते. कर्काच्या मागे बापापासून चालत आलेला लाट प्रांत होता. अमोघवर्ष मोठा झाला आणि कर्क बाजूला झाला तरी कर्काचा मुलगा लाटेचा धनी राहणारच होता. मंगलेशाजवळ असे काय होते? राज्य पुतण्याला देऊन तो उठला असता तर त्याच्या मुलाच्या वाट्याला पुतण्याची मर्जी सोडून काहीही नव्हते. आणि मर्जी फिरली की काय होते, हे मंगलेश स्वतःच जाणून होता, कारण सिंधुदुर्गातील नेरूर येथे मिळालेल्या त्याच्या ताम्रपटात अठरा लढाया जिंकलेल्या स्वामिराज नावाच्या चालुक्य कुळातील पुरुषाला आपण ठार केल्याचे तो अभिमानाने नोंदवतो. आपल्याच कुळातल्या पराक्रमी माणसाचे काय करतात हे ज्याने करून पाहिले आहे, तो आपल्या मुलाला पुतण्याच्या दयेवर कसा सोडील?

यातून पुलकेशी काही शिकला असावा, असे मानायला जागा आहे. धाकटा भाऊ विष्णुवर्धन याला त्याने युवराज म्हणून कारभारात घेतले. सातारा ताम्रपट हा त्या युवराजाचाच. मग पूर्वेकडे वेंगी जिंकल्यावर तो प्रांत त्याच्या हवाली केला, आणि त्याची स्वतंत्र शाखा होऊ दिली. पुढे पहिल्या विक्रमादित्याने धाकटा भाऊ जयसिंह याला नवसारीकडे लाटेत बसवले. त्याच जयसिंहाचा मुलगा अवनिजनाश्रय पुलकेशी याने आठव्या शतकात अरबांची फौज परतवली. कौटिल्याने हा प्रश्न फार आधी ओळखला होता. राजपुत्र खेकड्यासारखे जन्मदात्याला खातात, हे एका आचार्याचे मत तो नोंदवतो, राजपुत्रांपासून राजाने कसे जपावे यावर प्रकरण लिहितो, आणि त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे असेही सुचवतो की राज्य सगळ्या कुळाचे मिळून असू शकते, कारण कुळाचा संघ जिंकायला कठीण. भावाला प्रांत देणे ही त्या कुळसंघाचीच व्यवहारी आवृत्ती म्हणता येईल.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे: आज भावाला प्रांत दिला म्हणजे उद्याच्या शत्रूला किल्ला बांधून दिला, असे नाही का होत? होते. कर्काच्याच वंशजांनी पुढे अमोघवर्षाशी पिढीभर वैर केले. वेंगीचे चालुक्य बदामीच्या हाताखाली राहिले नाहीत, आणि बदामी बुडताना त्यांचा काही उपयोग झाला नाही. हा खर्च खराच होता. पण तो कशाच्या बदल्यात होता हेही मोजायला हवे. थोरली पाती इ.स. 753 च्या आसपास संपली. वेंगीची पाती त्यानंतर तीन शतके नांदली आणि अकराव्या शतकात तिच्यातला एक राजपुत्र चोळांच्या गादीवर कुलोत्तुंग म्हणून बसला. दिलेला प्रांत हातचा जातो, हे ज्याने दिला त्यालाही कळत असणार. न दिलेल्या प्रांताची किंमत मात्र घरातच चुकवावी लागते.

आपल्याला जवळचा दाखला हवा असेल तर तो पुण्यातच आहे. राघोबादादांना माधवरावांनी धोडपच्या लढाईनंतर शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. चुलत्याला मारवत नव्हते, मोकळे सोडवत नव्हते, आणि मानाची जागा देऊन दूर बसवण्याचा उपाय तडीला गेला नव्हता. इ.स. 1773 मध्ये नारायणरावाचा खून झाला, आणि दोन वर्षांत दादा इंग्रजांशी सुरतेचा तह करून बसले. या प्रकरणी आपण अजूनही आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट रंगवून सांगतो. एका अक्षरावर सारे खापर फोडले म्हणजे कोंडलेल्या चुलत्याचा विचार करण्याची गरज उरत नाही. दादांमुळे इंग्रज आत शिरले हे मी नाकारत नाही. पण बारभाईंनी तान्ह्या वारसाच्या नावाने राज्य धरून ठेवले, इ.स. 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना शरण आणले, आणि पेशवाई त्या खुनानंतर पंचेचाळीस वर्षे टिकली, हेही त्याच इतिहासात आहे.

स्त्रियांविषयीचा आरोपही असाच. राजघराण्याच्या कारस्थानांत एक महत्त्वाकांक्षी राणी असलीच पाहिजे, असा आपल्या कथनाचा साचा आहे. चालुक्यांच्या ताम्रपटांत शोधायला गेलो तर वेगळेच दिसते. पहिल्या विक्रमादित्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य. त्याची राणी विजयभट्टारिका हिचे दोन दानपट कोकणात, नेरूरला आणि कोचऱ्याला, मिळाले आहेत. त्यांत ती धाकट्या दिराचे राज्य मान्य करते, नवरा थोरला असल्याचेही नोंदवते, आणि स्वतःच्या नावाने जमीन देते. धाकटा गादीवर आहे आणि थोरल्याची राणी कोकणात दान देते आहे, एवढीच घटना. हिच्यावर कोणी नाटक लिहिणार नाही, कारण इथे विषाचा प्याला नाही. पण ज्या कुटुंबाने नुकतीच राजधानी गमावून परत मिळवली, त्याने थोरल्या भावाच्या घराला अशी जागा ठेवली होती, ही राज्यशास्त्राच्या दृष्टीने मला दहा कारस्थानांहून मोठी गोष्ट वाटते.

सत्तांतराच्या धामधुमीतही ही जागा किती महत्त्वाची असते, याचा आणखी एक पुरावा रेवतीद्वीपावर, म्हणजे सिंधुदुर्गातल्या आजच्या रेडीला आहे. शके 532 मध्ये, मंगलेश जाऊन पुलकेशी आल्याच्या सुमारास, सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा नावाचा अधिकारी तेथून चार विषयांचा, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांचा, कारभार पाहत होता आणि खेटाहार देशातले एक गाव दान देत होता. तो दानपट त्याच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षाचा आहे. म्हणजे बदामीत चुलता-पुतण्यांची लढाई होऊन गेली, छत्र बदलले, आणि कोकणातला हा माणूस आपल्या जागी तसाच राहिला. तो बप्पूर कुळातला होता, आणि दुर्लभादेवीच्या माहेरचे कूळ तेच असावे असे अभ्यासक मानतात. आजीच्या माहेरच्या माणसाला नव्या राजाने हात लावला नाही.

नेरूर हे कुडाळ तालुक्यातले गाव. तिथे मंगलेशाचा ताम्रपट मिळाला, ज्यात तो स्वकुळातल्या स्वामिराजाला मारल्याचे सांगतो. तिथेच सुमारे अर्धशतकानंतरचा विजयभट्टारिकेचा ताम्रपट मिळाला. आणि तिथेच शके 622 व 627 मधले विजयादित्याचे दोन दानपटही मिळाले, त्या निवांत काळातले, जेव्हा घरात कोणी कोणाशी भांडत नव्हते आणि दंतिदुर्गाच्या चढाईला अजून पन्नास वर्षे होती.